धक्क्यावर सहज

चहादाणीच्या लोकरी टोपीखालून डॉड फ्लेट बोलत होता. वारा पडलाय, बोटीवरचा बर्फ संपत आलाय, आणि सँडी, तुझ्या बोटीला मासळी कशी?

एल्स्पेट मेअरने ओटच्या भाकऱ्या तव्यावरून उतरवल्या आणि खुर्ची पुढे ओढली. नवरा गेल्यापासून संध्याकाळी टोपीखाली लपवलेला रेडिओ-स्कॅनर लावून बोटींचं बोलणं ऐकायचं, हा तिचा विरंगुळा. स्कॅनर दुकानात उघड विकत मिळे, घरात ठेवायलाही कायद्याची हरकत नव्हती. फक्त जे बोलणं आपल्यासाठी नाही ते ऐकायचं नाही, आणि ऐकलंच तर कुणाला सांगायचं नाही. म्हणजे पातेलं घ्या, पण शिजवू नका, असला प्रकार. त्या स्कॉटिश गावात घरोघरी ते यंत्र होतं आणि एकाही घरात कुणी काही ऐकत नव्हतं. कुणाचाही नवरा बोटीवरून दारात पोचे तेव्हा सूप नेमकं गरम असे, तो निव्वळ योगायोग.

मागच्या दाराने कॉन्स्टेबल गेडिस आत आला. तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त, चहाला रोजचाच.

"वहिनी, आज चहादाणी फार बडबडतेय."

"चहा कडक झालाय, भाऊजी. बसा गप."

"कायदा असा आहे की..."

"तो कालच सांगितलात. लोणी हवंय का?"

गेडिसने लोणी घेतलं.

टोपीखाली डॉड खाकरला. "सँडी, ऐक. बोट विकतोय मी. गुडघे साथ देत नाहीत. अबर्डीनला आपल्या ताईकडे जाऊन राहीन म्हणतो."

"तिच्या मांजरांत?" सँडीचा आवाज आला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"नाहीतर गावात एका बाईला विचारायचंय. कधीपासून विचारीन म्हणतोय. समोर गेलो की वाचाच बसते."

"आवाज वाढवा जरा," गेडिस म्हणाला.

"कोण रे बाई?"

"नाव कशाला घेऊ? सगळा किनारा कान टवकारून बसलाय. गेल्या मार्चात तिच्या स्वयंपाकघराचं छप्पर नीट करून दिलं. दिवसभर वर होतो, एक शब्द फुटला नाही. तिला कळेल. उद्या दुपारी मी बंदरात शिरीन. ती धक्क्यावर दिसली तर विचारीन. नाही दिसली तर समजेन काय ते, आणि ताईकडे निघेन."

गेडिसने मान वर करून छताकडे पाहिलं. नव्या फळ्या छान बसल्या होत्या.

एल्स्पेटच्या हातातली भाकरी हातातच राहिली. डॉड तिला आवडत होता. हे तिने स्वतःशीसुद्धा कधी धड कबूल केलं नव्हतं. आता करायचं तर ते अख्ख्या गावासमोर. नवरा गेल्यापासून ती धक्क्याकडे फिरकली नव्हती, त्यामुळे सहज आले म्हणायचीही सोय नव्हती. उद्या तिथे जायचं म्हणजे मी चोरून ऐकते असं पोलिसादेखत सांगण्यासारखंच. आणि न जावं, तर डॉड कायमचा निघून जाणार.

"भाऊजी, तुम्ही काही ऐकलंत?"

"छे! मी चहा पितोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मासळी आणायचं घमेलं काखेत मारून निघाली. निदान एक निमित्त हवं होतं.

धक्का गजबजला होता. बेकरीवाली कुत्रा फिरवत होती. तिने कधी कुत्रा पाळलाच नव्हता. दोन बहिणी दोरखंडांच्या वेटोळ्यावर विणकाम घेऊन ऊन खात बसल्या होत्या, आणि ऊन कुठेच नव्हतं. पाद्रीबाबा डोळे बारीक करून समुद्रपक्षी न्याहाळत होते. सगळ्यांच्या पलीकडे गेडिस पाठ करून उभा होता. कुणीही कुणाला विचारलं नाही की इकडे कुठे. एल्स्पेट आली तशी बायका बाजूला सरकल्या आणि तिला पुढे जाऊ दिलं.

बोट आत आली. सुकाणूपाशी उभ्या डॉडने ती गर्दी पाहिली आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. आता हा बोट उलटी फिरवतो की काय, असं एल्स्पेटला वाटलं. पण दोर पडला, बांधला गेला. लोखंडी शिडीने तो गुडघे सांभाळत वर आला, डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत उभा राहिला.

"तू... सहज आलीस?"

बिचाऱ्याने तिला सुटकेची वाट करून ठेवली होती. सगळा धक्का समुद्राकडे तोंड करून श्वास रोखून होता. मासळी घ्यायला आले, हे शब्द तिच्या ओठांवर आलेही होते. तिने घमेलं खाली ठेवलं.

"नाही," ती म्हणाली, गेडिसलाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. "काल सगळं ऐकलं, म्हणून आले. विचार आता."