रिमोटसकट नमस्कार

“उतरवून दाखवा!” म्हणत मी रिमोट त्याच्या हातात दिला. मला बघायला आलेला मुलगा खराखुरा पायलट होता, आणि आमच्या टीव्हीवरच्या गेममधलं विमान मला आजवर एकदाही उतरवता आलं नव्हतं. हातातला रिमोट झुकेल तसं ते मेलं झुकायचं.

तो मात्र सोफ्याच्या कडेला बसून विमान अलगद खाली आणत होता. समुद्राकाठची धावपट्टी जवळ आली. पोहे गार झाले होते. मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

तेवढ्यात आतून बाबा, आई आणि आत्या आले.

“अरे, नमस्कार कर!” शेजारी बसलेली त्याची आई कुजबुजली.

तो ताडकन उठला आणि रिमोटसकट बाबांपुढे वाकला. विमानानं खाली सूर मारला. तो माझ्या आईपुढे वाकला, मग आत्यापुढे. आत्या “शतायुषी हो” म्हणाली तेव्हा टीव्हीवर नुसतं पाणी होतं. ओशाळून त्यानं टीव्हीलाही नमस्कार केला.

बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

“मुलगा लाखात एक आहे. फक्त तो विमान चालवत असताना आपल्यापैकी कुणी त्याच्यासमोर जायचं नाही.”