जमिनीखालचं कणीस

बढतीला छापील शोधनिबंध लागणार म्हटल्यावर आमच्या बीडच्या कॉलेजातले सगळे नेट कॅफेत धावले. इंटरनेटवर फुकट वाचायचं एक नियतकालिक पैसे घेऊन झटपट छापत होतं. वनस्पतिशास्त्राच्या संशयी ईश्वरी मॅडमनी ज्वारीवरच्या निबंधात मुद्दाम लिहिलं, कणीस जमिनीखाली भरतं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: मौलिक संशोधन, पैसे पाठवा. "पाठवा की, मुलाखत तोंडावर हाय," तिथंच छापून आलेले केदारनाथसर म्हणाले. मॅडमनी तोच निबंध छापायला पैसे न घेणाऱ्या दुसऱ्या नियतकालिकाकडे धाडला. तिकडून महिनोन्महिने चकार शब्द नाही. सरांना बढती मिळाली, मॅडमची हुकली. एका दुपारी मॅडम पेढे वाटत आल्या. "छापला वाटतं?" सरांनी विचारलं. "न्हाई, परत आला." "मग पेढे कावून?" "'ज्वारी कधी पाहिलीत का?' असं झापलंय. कुणीतरी वाचलंय! आता खरा निबंध यांनाच धाडणार." सरांनी बढतीचा चहासुद्धा पाजला नव्हता.