ऑपरेशननंतरची विचारपूस

फोन वाजला तेव्हा शिंपीणबाईंच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून उशीत खोचल्या आणि मगच फोन उचलला. मंगळवार, सकाळचे अकरा. म्हणजे आकडेवाली.

आकडेवाली मोठ्या हॉस्पिटलची. वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी एकदाच केली होती, तेव्हापासून ही मुलगी दर मंगळवारी फोन करी. शुक्रवारी नव्या हॉस्पिटलची गोडबोली. ही नावं अर्थात बाईंनीच ठेवलेली. चौदा महिने झाले, त्यांनी दोघींनाही ताकास तूर लागू दिली नव्हती.

"काय ठरलं, ताई?"

"ठरतंय गं. ते टाक्यांचं परत सांग ना. जठर कापल्यावर टीप एकदाच मारता, की वरून दुसरी?"

मुलगी हसली. हा प्रश्न तिने निदान दहादा ऐकला होता. "आधी पिना मारतात, ताई, वरून परत टाके. आमच्याकडे दोन हजार ऑपरेशनं झाली. टाक्यांतून गळती फक्त चौघांना. पायात रक्ताची गाठ तिघांना. दगावलं कोणी नाही."

बाईंना हे सगळं पाठ होतं. तरी "बरं", "अगं बाई", "असं होय" करत त्या ऐकत राहिल्या. मशीनवर कुणाची तरी पँट कंबरेत उसवून पडली होती, दोन इंच वाढवायची होती. चारच्या आत गिऱ्हाईक फिरकत नसे, आणि आलं तरी घेर किती नि कधी मिळेल, यापलीकडे कोणी बोलत नसे.

"ताई, रागावू नका हं," मुलगी म्हणाली. "फाइल एवढे दिवस उघडी ठेवू देत नाहीत. आज हो किंवा नाही सांगायचंय. हो म्हणालात तर याच महिन्यातली तारीख देते. नाही म्हणालात तर मग मी पुन्हा फोन नाही करणार."

बाईंनी उशीतली एक टाचणी उपसली आणि परत तिथेच खोचली.

चालढकल करायला आता वावही नव्हता. गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पुढ्यात सरकवून सांगितलं होतं, साखर अशीच राहिली तर डोळ्यांवर बेतेल, हे वर्ष उलटू देऊ नका. दोन जिने चढून खोलीवर पोचायला त्यांना तीनदा थांबावं लागे. हे सगळं त्यांनी धाकट्या बहिणीला सविस्तर लिहून पाठवलं, तर तिच्याकडून एक अंगठा आला.

"मला सांग," बाई म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यावर तू किती दिवस फोन करशील?"

"मी? माझं काम तारीख मिळेपर्यंतच, ताई. पुढे आहाराच्या मॅडम करतात, तीन महिने. त्यानंतर काही त्रास झाला तर तुम्ही करायचा."

"तीनच महिने?"

"तेवढ्यात सगळं मार्गी लागतं, ताई."

अर्ध्या तासात कळवते म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि मापांची वही उघडली. डावीकडे मोठं हॉस्पिटल लिहिलं, उजवीकडे नवं. मोठ्यात दोन हजार ऑपरेशनं; नव्यात जेमतेम दीडशे, आणि तेवढ्यात गळती तिघांना. मोठ्यात चोवीस तास डॉक्टर हजर. नव्यात बोलावल्यावर येणार. मोठं बसने दोन थांब्यांवर. नवं पार गावाबाहेर. कुठलं कापड टिकेल नि कुठलं विरेल हे नुसत्या बोटांनी ओळखणाऱ्या बाईंना यातलं काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. त्यांना फार एकटं वाटत होतं, आणि ते वहीत कुठल्या बाजूला लिहायचं हे कळत नव्हतं.

मग त्यांनी आपणहून गोडबोलीला फोन लावला.

"अगं बाई, ताई! आज चक्क तुमचा फोन?"

"ऑपरेशननंतर तुमच्याकडे विचारपूस किती दिवस करतात?"

"जन्मभर, ताई! दर रविवारी सकाळी दहाला. जेवण गेलं का, पाणी किती प्यायलात, चाललात का, झोप लागली का, सगळं विचारलं जातं. एकही पेशंट चुकत नाही."

रविवारी दुकान बंद असे. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावलं की सोमवारी सकाळपर्यंत बाईंना स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे. त्यांनी वहीत उजव्या बाजूला, तीन गळत्यांच्या खाली, 'रविवार' असं लिहिलं.

"तारीख दे मला," त्या म्हणाल्या.

गोडबोली घुटमळली. बोलायला गोड असली तरी मुलगी लबाड नव्हती. "ताई, आधीच सांगितलेलं बरं. तो फोन आम्ही नाही करत, कंप्युटर करतो. रेकॉर्ड केलेला आवाज असतो. तो विचारतो, आपण बटण दाबायचं. बरं वाटत असेल तर एक, त्रास असेल तर दोन."

बाई वहीतल्या 'रविवार'कडे बघत राहिल्या. पलीकडून मुलीने दोनदा हॅलो म्हटलं.

"नावाने हाक मारतो का?" बाईंनी विचारलं.

"हो, नाव घेतो ना. आम्ही भरून ठेवतो त्यात."

"मग नीट भर," बाई म्हणाल्या, आणि एकेक अक्षर सुटं करून आपलं नाव सांगू लागल्या.