वैशाखातली ओल

सुनंदाला बघायला पाचोऱ्याहून पाहुणे आले होते, पण तिचा जीव मागच्या खोलीत अडकला होता. आजार कळला तर सोयरीक मोडेल, म्हणून वडिलांनी अर्धांगवायू झालेल्या आईला सकाळीच तिथे तापत्या पत्र्याखाली हलवलं होतं. बैठकीत आईला गारवा मिळावा म्हणून लावलेला वाळ्याचा पडदा उतरवून दाराआड ठेवला होता. दोन महिने त्यावर पाणी मारून भिंतीला काळी बुरशी चढली होती. चुनाही फासला, पण ओल कुठली ऐकतेय! मुलाच्या आत्याने, धुरपदाबाईंनी, भिंतीला हात लावला. “जळगावना वैशाखमा भिंत वल्ली? घरमा कोन आजारी शे?” “कोणी नाही,” वडील म्हणाले. तेवढ्यात आतून आई कण्हली. सुनंदाने पोह्यांचं ताट खाली ठेवलं, पडदा उचलला आणि मागच्या खोलीकडे निघाली. जड पडदा उंबऱ्याला अडला. धुरपदाबाई पदर खोचत उठल्या. “दुसरं टोक मना हातमा दे, पोरी.”