ढालीमागची तिरंदाज

"अमृत, तुझी खेळी," संजीवनी म्हणाली. "सम्राट मरायला टेकलाय. काय करतोस?"

अमृतनं नकाशाकडं पाहिलंसुद्धा नाही. "ढाल धरून उभा ऱ्हातो. नूतनच्या म्होरं."

"परत?" सम्राट ओरडला. "आरं, राक्षस मला कुटतोय हितं!"

किकवीला हायवेलगतच्या घरात, वरच्या खोलीत चौघं सतरंजीवर बसले होते. मधे मोठ्या कागदावर संजीवनीनं एक खिंड आणि तिच्या टोकाला एक गुहा आखली होती. खिंडीत राक्षस म्हणून खलबत्त्यातला बत्ता उभा होता. त्याच्यासमोर तीन चिंचोके. सम्राट तलवारवाला, अमृत ढालकरी आणि त्याची बायको नूतन तिरंदाज. सम्राटची बहीण संजीवनी खेळ चालवायची. राक्षस काय करतो ते ती ठरवायची, आणि त्याच्या वतीनं वीस बाजूंचा फासाही तीच टाकायची, ओंजळीआड.

भाताच्या लावणीत नूतनला घोणस चावली होती. किडन्या बंद पडल्या. पुण्याच्या दवाखान्यात तिचं रक्त मशीनमधून फिरत होतं आणि अमृत बाहेरच्या बाकड्यावर बसून होता. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, बरी झाली, काय वाटेल ते काम करू द्या. मार्गासनीला घरी आल्यापासून अमृतनं मात्र तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नव्हती. दुखण्यानंतर खेळायला ती आज पहिल्यांदाच आली होती.

संजीवनीनं ओंजळीआड फासा टाकला. "राक्षसाचा सोटा सम्राटला लागला."

"थांब," नूतन म्हणाली. "त्याचा सोटा माझ्यापतूर पोचतोय. मग दर खेपेला सम्राटभावजींनाच का?"

संजीवनीनं फासा मुठीत झाकला.

"आन् ही गुहा नागाची व्हती ना? तूच सांगितलं व्हतंस. नाग कुठं गेला?"

"बदलला."

"का?"

खाली हायवेवरून एक ट्रक घरघरत गेला. सम्राटनं मान खाली घातली. अमृत आपल्या चिंचोक्यावर बोट ठेवून बसला होता.

"तुमी समद्यांनी मला आधीच मारून ठिवलंय," नूतन म्हणाली. "मग खेळायला कशाला बोलावलं?"

आवाज चढला नव्हता तिचा. उलट तिनं नकाशा स्वतःकडं ओढला आणि वाकून नीट पाहिला.

"अवो, तुमी मधी हायसा म्हणून मला नेम धरता येत न्हाई. ह्या कडेनं वळसा घाला आन् त्याच्या पाठीला जावा. भावजी म्होरनं, तुमी मागनं. त्यो मधी घावला की बाण मी मारते."

"आन् त्यो तुझ्याकडं वळला तर?"

"वळंल की."

"नूतन."

"वळू द्या. न्हाई वळला तर भावजी मरत्यात."

अमृतचं बोट चिंचोक्यावरून हलेना. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या वतीनं चिंचोका सरकवायला तिनं हात पुढं केला नाही. सम्राटनंही घाई केली नाही.

मग अमृतनं तो सरकवला. हळूहळू, कागदाच्या कडेकडेनं, बत्त्याच्या मागं नेऊन ठेवला. नूतनच्या चिंचोक्यासमोरची जागा रिकामी झाली.

आता पाळी राक्षसाची होती. संजीवनीनं फासा उचलला. ओंजळ केली, पुन्हा सोडली. "राक्षस तिरंदाजावर धावतो," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या देखत फासा सतरंजीवर टाकला.

अठरा.

"लागला." तिचा आवाज बारीक झाला होता. दुसरा फासा टाकून तिनं घाव किती बसला ते सांगितलं. "नूतन, किती जीव उरला?"

नूतन बोटांवर हिशेब करायला लागली. अमृत गुडघ्यांवर उठला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"तीन," ती म्हणाली.

"म्हंजी हाय?"

"हाय. उभी हाय मी."

तिनं लगेच फासा घेतला आणि जोरात फेकला. तो उडत जाऊन सम्राटच्या मांडीखाली शिरला. "हलू नका भावजी!" नूतन ओरडली. सम्राट तसाच अवघडून थांबला. संजीवनी गाल सतरंजीला टेकवून मांडीखाली बघायला लागली.

"सतरा," तिथूनच ती म्हणाली. "बाण गळ्यातनं आरपार."

उठून तिनं एका बोटानं बत्ता ढकलला. तो कागदावर आडवा झाला, गडगडत गेला आणि पाण्याच्या तांब्यावर आदळला. सम्राट दोन्ही हात वर करून नाचायला लागला, तशी खालून त्याच्या आईनं हाक मारली, "आरं, माळा पाडता का काय!"

अमृत ओरडला नाही. तो मागच्या मागं सतरंजीवर उताणा झाला. छाती वरखाली होत होती. तो हसत होता, आणि डोळ्यांतलं पाणी कानशिलांवरून खाली उतरत होतं. "तीन उरले," तो छताला म्हणाला.

नूतननं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "उठा आता. त्या गुहेत अजून कोण हाय ते बघायचंय. संजीवनी, नाग आण गं परत."

उन्हं उतरली तेव्हा दोघं निघाले. खाली स्कूटी लावली होती. नूतननं हात पुढं केला. "किल्ली द्या."

अमृतनं हायवेकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं. किल्ली दिली आणि मागं बसला. गाडी सुटताच त्यानं तिचे दोन्ही खांदे गच्च धरले.

"अवो, सोडा की. हँडल हलतंय."

त्यानं सोडले. मोकळ्या झालेल्या हातांचं काय करायचं, हे त्याला नसरापूर येईपर्यंत कळलं नाही.