हात लावायचा नाही

विमानाच्या इंजिनानं दोन गचके दिले, एकदा खोकलल्यासारखं केलं आणि ते गपगार झालं. मागच्या सीटवरच्या वस्तादांचे हात विमान वळवायच्या काठीकडे झेपावले. अर्ध्या वाटेत त्यांनी ते आवरले आणि चक्क स्वतःच्या मांड्यांखाली कोंबले.

कारण सकाळीच घरी वाजलं होतं. पुढच्या सीटवर होती त्यांची एकुलती एक लेक, आणि नाश्त्याच्या टेबलावर तिनं बजावलं होतं, "बाबा, आज काठीला हात लावायचा नाही. मागून बडबडायचंही नाही. बाकीच्या विद्यार्थ्यांना तुम्ही काठी घेताना 'विमान माझं' असं सांगता तरी. ते 'तुमचं' म्हणेपर्यंत थांबता. माझ्या वेळी मात्र न सांगता खेचता. घरचीच आहे ना, विचारायचं कशाला."

"नाही लावत. शब्द देतो."

"असे शब्द छप्पन वेळा दिलेत."

खोटं नव्हतं ते. अठ्ठावीस वर्षं विमान शिकवणारा हा माणूस. परक्यांची पोरं आकाशात कशीही हेलपाटली तरी हा मागे बसून गाणं गुणगुणायचा. पण स्वतःची पोर पुढे असली आणि विमान एवढंसं जरी डगमगलं, की हात गेलाच.

आज मात्र त्यांनी दातावर दात धरले. उंची पुरेशी होती. समोर लांबलचक मोकळं शेत होतं. विमान कुठेही न झुकता, आपसूक तरंगावं तसं खाली येत होतं. पुढची आणि मागची, दोन्ही काठ्या आतून जोडलेल्या, एक हलली की दुसरी हलते. वस्तादांच्या गुडघ्यांमधली काठी हलकेच डुलत होती. पोरीचा हात! इतका मऊ हात त्यांनी एकाही विद्यार्थ्याचा पाहिला नव्हता. मागून तिची फक्त वेणी आणि खांदे दिसत होते. खांदे जराही हलत नव्हते. वस्तादांचा ऊर भरून आला. उगीच इतके दिवस हिच्या मध्ये मध्ये केलं, असं त्यांना वाटलं.

जमीन जवळ आली. आता नाक जरासं वर घ्यायचं. आता. घे गं. वस्तादांनी मांड्यांखालून हात ओढून काढले, तोवर उशीर झाला होता.

लेकीचा हात मोडला. वस्तादांचा कणा. कमरेखालचं काही यापुढे त्यांचं ऐकणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

तरी वस्ताद खचले नाहीत. हॉस्पिटलात येईल त्याला धरून बसवत. नर्सला, मेहुण्याला, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना. "इंजिन बंद पडलेलं, आणि माझ्या पोरीनं विमान कसं आणलं माहितीये? झोपलेलं बाळ गादीवर ठेवावं तसं. वीस वर्षांची पोर हो. माझे पाय गेले तर गेले."

"भावजी, विमान आपटलं हेसुद्धा मधे सांगत जा," मेहुणा म्हणायचा. वस्ताद त्याच्याकडे काणाडोळा करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

लेक रोज यायची. एका हातानं उशी नीट करायची, पाण्याची बाटली भरून ठेवायची. विमानाचा विषय निघाला की मात्र उठून बाहेर जायची. तीन आठवडे असंच चाललं.

त्या दुपारी खोलीत दोघंच होते. वस्तादांच्या मनात एवढं एकच रुतून बसलं होतं. विचारू की नको करत शेवटी त्यांनी विचारलं.

"सगळं झक्कास केलंस. फक्त शेवटी नाक का नाही उचललंस गं?"

लेक उशी हातात धरून तशीच उभी राहिली.

"मी? बाबा, इंजिन थांबल्याबरोबर मी काठीवरून हात काढून घेतले. म्हटलं, तुम्ही कुठले शब्द पाळताय."