गल्लीतले रोहित

"आता तरी डोळे उघड की आये, पडत न्हाईस," कैलास वल्हं थांबवून म्हणाला.

म्हातारीनं होडीची कड आणखीच घट्ट धरली. या धरणात गाव बुडालं, तेव्हापासून तिनं पाण्याचं तोंड पाहिलं नव्हतं. लेकाचं पोट याच पाण्यावर, लोकांना पक्षी दाखवून भरायचं, तेही तिला सलायचं. आज त्यानं पायच धरले, म्हणून ती आली होती.

"एवढा कसला कालवा चाललाय रं?"

तिनं डोळे उघडले आणि मिटायचं विसरली. उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं आणि हजारो रोहित पक्षी माना वाकवून चरत होते. दोन्ही बाजूंना खोल पाणी, मधल्या उथळ पट्ट्यावर त्यांची लांबच लांब गुलाबी रांग. पुढं ती रांग डावीकडं वळली, तशी म्हातारीची पकड सुटली.

"कैल्या, आपली गल्ली हाय ही."

तिचं बोट रांगेवरून सरकू लागलं.

"त्यो कुंभाराच्या दारात.

त्या दोघी चावडीपाशी.

ती करडी पिल्लं शाळंत चालल्यात.

आन् त्यो..."

रांगेच्या टोकाला एकानं पंख पसरले. आतला लाल रंग उन्हात पेटला.

"आपला उंबरा?" धरणानंतर जन्मलेल्या कैलासनं विचारलं.

तिनं मान डोलावली.

"दरसाल येत्यात?" तिनं विचारलं.

"दरसाल. लई लांबनं."

तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"मंग मीच आले न्हाई होय रं."